माळशेजच्या पायथ्याशी गाडी अडखळली तर...

वाचकहो, कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा असा जो रस्ता अहिल्यानगरकडे जातो, तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा असेल. कुणी भाजीची गाडी घेऊन या रस्त्याने कल्याणच्या बाजारात उतरते, कुणाची लेक तिकडे दिलेली असते, कुणाचा मुलगा नोकरीला असतो. पावसाळ्यात धबधबे पाहायला शहरातली माणसे येतात ती निराळी. आपल्यासाठी हा रोजच्या कामाचा रस्ता. आज याच रस्त्याने तुम्हाला घेऊन जायचे आहे, पण डोंगर आणि पाणी पाहता पाहता कान मात्र गाडीच्या आवाजाकडे ठेवायचा आहे.

कारण सांगतो. हल्ली दारोदार चारचाकी आली. वर्षातून एकदा-दोनदा आपण ती सर्व्हिसिंगला देतो. ऑइल बदलते, एअर फिल्टर बदलतो, प्लग बदलतात, गाडी धुऊन लखलखीत मिळते. आणि कधी कधी, काल चांगली धावणारी गाडी आज झटके देऊ लागते. मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी मिसिंग करते आहे.’ घरधनी म्हणतो, ‘पैसे देऊन दुखणे विकत घेतले.’ अशा वेळी चिडून उपयोग नाही आणि घाबरूनही नाही. दुखणे कुठे आहे हे शोधायची एक रीत आहे. ती रीत हा रस्ता फार चांगली शिकवतो, कारण त्यात थांबा आहे, सपाटी आहे आणि शेवटी चढ आहे.

मिसिंग म्हणजे काय?

चार बैल जुंपलेला लोखंडी नांगर तुम्ही पाहिला असेल. चारी बैल ओढतात तोवर तास सरळ जाते. एकाने अंग चोरले की नांगर हिसके खातो. पेट्रोल गाडीत बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येकाने आपल्या पाळीला हवा-पेट्रोल ओढायचे, दाबायचे, प्लगची ठिणगी पडली की जोर द्यायचा आणि धूर बाहेर टाकायचा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर एका प्लगला सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकावी लागते. त्यातली एखादी चुकली की त्या पाळीचा जोर गेला. गाडीला हिसका बसतो. याचेच नाव मिसिंग.

सिलिंडरने जोर द्यायला तीन गोष्टी लागतात : पुरेशी वीज, हवा-पेट्रोलचे योग्य प्रमाण आणि सिलिंडरमधला दाब. दुखणे या तिन्हींपैकी एकात असते. आणि सर्व्हिसिंगनंतर लगेच दुखणे आले असेल तर पहिला नियम ध्यानात ठेवा : जिथे शेवटचा हात लागला, तिथून शोध सुरू करा. बिलाचा कागद हातात घ्या. काय काय उघडले, काय बदलले, ते त्यावर लिहिलेले असते. तोच तुमचा नकाशा.

कल्याण ते मुरबाड : उभ्या गाडीची परीक्षा

कल्याण सोडले की रायत्याला उल्हास नदीचा पूल लागतो. मग दोन्ही बाजूंना भातखाचरे सुरू होतात. मार्गशीर्षात इकडे भात कापून झालेले असते, पेंढ्याचे भारे रचलेले असतात आणि खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला दिसतो. मुरबाडला चौकात वाहनांची गर्दी होते, गाडी थांबते. हीच पहिली परीक्षा.

गाडी उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, आणि इंजिन थरथरते, काटा खालीवर नाचतो. पण गाडी पळू लागली की सगळे ठीक होते. असे असेल तर बहुतेक वेळा हवेची चोरवाट असते. एअर फिल्टर बदलताना त्याच्या डब्याची झाकणे, जाड नळी, तिच्या क्लिपा, शेजारच्या बारीक रबरी नळ्या हाताळलेल्या असतात. एखादी बारीक नळी निसटलेली राहते. उभ्या गाडीला हवा थोडीच लागते, म्हणून तेवढी चोरटी हवासुद्धा प्रमाण बिघडवते. जोरात पळताना तीच गळती किरकोळ ठरते. बॉनेट उघडून कान द्या. ‘सुस्स’ असा आवाज येतो का पाहा. डब्याजवळच्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींची प्लास्टिकची जोडणी, नीट बसली आहे का तेही पाहा. हे बघायला एक रुपया लागत नाही.

बॅटरीची वायर काढून परत लावली असेल किंवा हवेची झडप साफ केली असेल, तर काही गाड्यांचे इंजिन थोडा वेळ उभ्याने कमीजास्त होते आणि मग आपोआप स्थिरावते. आणि इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुतले असेल तर प्लगच्या खोल खोबणीत पाणी साचून राहते. तेही मिसिंगचे कारण असते. ते वाळवावे लागते.

मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचे गाव आहे. पौष महिन्यात तिथे म्हसोबाची मोठी जत्रा भरते आणि बैलांचा बाजार होतो. जाणता शेतकरी तिथे बैल उभा असताना पाहतो, चालवून पाहतो आणि मगच दावणीला बांधतो. गाडीलाही हेच लागू.

टोकावड्याकडे : चालत्या गाडीची परीक्षा

मुरबाडपुढे सरळगाव आणि मग टोकावडे. समोर सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागते. पुढे वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट फुटते. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे आणि माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. कोकणातला माल जुन्नरकडे याच डोंगरातून चढत असे. ओझे घेऊन हा डोंगर चढायचा तर जनावर धडधाकट हवे, हे तेव्हाही खरे होते.

आता गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे. सपाटीवर हलक्या पायाने चालवा, काही जाणवत नाही. समोर लहानसा चढ आला किंवा पुढच्या ट्रकला मागे टाकायला पाय दाबला की मात्र हिसका बसतो. असे असेल तर पहिला संशय विजेवर घ्या. ओझे वाढले की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी पडायला विजेला अधिक जोर लावावा लागतो. प्लगची टोपी अर्धवट बसलेली, चिनी मातीला बारीक तडा गेलेला, वायर कुजलेली असेल तर वीज आड वाटेने निघून जाते. हलक्या चालीत झाकलेले दुखणे ओझ्याखाली उघडे पडते.

दुसरी खूण पुढ्यातल्या दिव्याची. इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर दाखवून घ्यावे. तो उघडझाप करू लागला तर समजा की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाते आहे. ते तिथे जळते आणि भांडे लालबुंद तापू शकते. ते बदलायचा खर्च प्लगच्या कितीतरी पट. म्हणून पाय हलका करा आणि सोयीच्या जागी थांबा. पण गाडी वाळल्या गवतावर किंवा पेंढ्याच्या गंजीजवळ उभी करू नका. तापलेल्या भांड्याने खालचे गवत पेटते.

टोकावड्याचा थांबा

गेल्या मार्गशीर्षात हेच आमच्या वाट्याला आले. भाचीला सातवा महिना. तिला कल्याणहून ओतूरला माहेरी आणायचे होते. दाजींच्या व्हॅनचे सर्व्हिसिंग आदल्याच दिवशी झालेले. मुरबाडच्या चौकात गाडी उभी राहिली तेव्हा इंजिन शांत होते. सरळगावही बरे गेले. टोकावड्याअलीकडे एका चढावर दोन झटके बसले आणि पिवळा दिवा चार-सहा वेळा मिचकावला.

दाजी म्हणाले, “एवढे काय, घाट चढून जाऊ. ओतूरला आपला माणूस आहे, दाखवू त्याला.” दिवस कलायला आला होता. मी म्हटले, “दाजी, सपाटीवर अडखळते ती घाटात काय करील? वळणावर बंद पडली तर पोरीला घेऊन कुठे उभे राहायचे?” मागून भाची म्हणाली, “दादा, मामा म्हणतोय ते खरं आहे. गाडी उद्या येईल. मला काही घाई नाही.” गाडी सुधारली नाही तर तिला एस.टी.ने मुरबाडला नेऊन तिच्या नणंदेकडे मुक्कामाला ठेवायचे, असे तिथल्या तिथे ठरले. मग मन मोकळे झाले.

टोकावड्यात रस्त्याच्या कडेला मोकळ्या मातीवर गाडी घेतली. बॉनेट उघडले आणि इंजिन निवायला पाऊण तास दिला. दाजींचा राग गॅरेजवाल्यावर. त्याने जुनेच प्लग पुसून परत घातले असतील, असे त्यांचे म्हणणे. पण डिकीत कागदात गुंडाळलेले चार जुने प्लग सापडले. त्या माणसाने न मागता ते परत दिले होते. टोके झिजलेली, काळवंडलेली. म्हणजे नवे बसवले होते हे नक्की. फसवणुकीचा संशय तिथेच गळून पडला. उरला प्रश्न कामाचा.

त्या गाडीत कॉइलपासून प्लगकडे वायरी जातात आणि प्रत्येक वायरीला टोकाशी रबरी टोपी असते. चार प्लगांचे काम झाले होते, म्हणून चारही टोप्या एकेक करून दाबून पाहिल्या. पहिली, दुसरी, चौथी घट्ट. तिसरी दाबली तेव्हा ‘टच्’ असा आवाज झाला आणि ती बोटभर जरी नाही, तरी जवसाच्या दाण्याएवढी आत गेली. दिसायला ती आधीही बसलेलीच होती. तरीही लगेच घाटाला लागलो नाही. भाचीला चहाच्या टपरीवर बसवून दाजींनी गाडी त्याच चढावर दोनदा पळवून आणली. झटका नाही, दिवा नाही. तेव्हा कुठे निघालो.

घाटात चालताना

मोरोशीच्या भैरवगडाचा सुळक्यासारखा कडा उजवीकडे-डावीकडे सरकत राहतो आणि घाट सुरू होतो. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला कोकणातले खोल रान. वाटेत बोगदा लागतो. पावसाळ्यात इथे धुके इतके उतरते की समोरची गाडी दिसत नाही, आणि दरडीही कोसळतात. म्हणून घाटात गाडी तपासू असे म्हणू नका. तपासायची ती पायथ्याशी. फोनला रेंज मिळेलच असा भरवसाही धरू नका.

चढताना गिअर खालचा ठेवा. वरच्या गिअरमध्ये पाय दाबून इंजिनाला कण्हायला लावले की दुबळी ठिणगी आधी चुकते. घाटातच मिसिंग सुरू झाले तर वळणावर थांबू नका. रुंद जागा बघून कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, चाकाला दगड लावा आणि माणसांना गाडीपासून दूर, आतल्या बाजूला उभे करा.

आणि उतरणाऱ्यांना एक सांगणे. उतारावर लंगडा बैलही पळतो. ओतूरहून कल्याणला उतरताना गाडीचे दुखणे कळणारच नाही, ते परतीच्या चढावर कळेल. पेट्रोल वाचवायला म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक आहेत. तसे कधी करू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकची मदत संपते आणि स्टिअरिंग जड होते.

माथ्यावर : कावळा आणि फांदी

घाटमाथ्यावर वारा एकदम गार लागतो. खुबी फाट्याला हरिश्चंद्रगडाची आणि खिरेश्वरची वाट फुटते, आणि मग पुष्पावती नदीवरच्या पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी लांबवर चमकत सोबत करते. इथे रस्ता सोपा होतो, म्हणून अवघड मुद्दा इथे सांगतो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. सर्व्हिसिंगनंतर बिघडले म्हणून सर्व्हिसिंगमुळेच बिघडले असे दर वेळी नसते. जुनी कॉइल त्याच आठवड्यात मरायची असेल तर ती मरते. पेट्रोलमध्ये पाणी आलेले असते. म्हणून दोष देण्याआधी पुरावा हवा.

पुरावा काढायची युक्ती सोपी आहे. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. गॅरेजमध्ये छोटा स्कॅनर लावला की कोणता सिलिंडर चुकतो हे कळते. पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० आला तर दोष एका जागी नाही. समजा पहिला चुकतो आहे. इंजिन बंद आणि थंड करून पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवा. गाडी चालवून पुन्हा स्कॅनर लावा. दोष कॉइलबरोबर तिसऱ्यावर गेला तर कॉइल दोषी. पहिल्यावरच राहिला तर प्लगांची अदलाबदल करा. तरीही तिथेच राहिला तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंवा आतला दाब तपासावा लागेल. व्हॉल्व्हची फट जुळवली असेल आणि ती फार आवळली गेली असेल, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाब निसटतो. ते काम घरी करू नये.

काढलेला प्लगही बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पेट्रोलने ओले असेल तर तिथे ठिणगी पडत नव्हती. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. तेलकट असेल तर आत ऑइल येते आहे. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर वीज तिथून पळत होती. नव्या प्लगच्या टोकांतली फट गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढीच हवी. प्लग हातातून दगडावर पडला असेल तर तो वापरू नका. जुन्या वायरींच्या गाडीत वायरींची अदलाबदल झाली आहे का तेही पाहा. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत पाळी १-३-४-२ अशी असते.

दोन गोष्टी टाळा. चालू इंजिनावर प्लगची वायर उपटून पाहायची जुनी खोड सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात, जिवाला धोका आणि नव्या गाड्यांची कॉइलही जळते. आणि तापलेल्या इंजिनाचे प्लग खोलू नका, आटे उतरतात. बसवताना आधी बोटांनी फिरवावा, पाना शेवटी लावावा. बाया-मुलींनी पदर-ओढणी आणि सगळ्यांनीच हात पंख्यापासून दूर ठेवावेत.

डिझेल गाडी असेल तर

डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लगच नसतो, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेट घेते. पण मिसिंग तेही करते. पंपाचे इंजिन किंवा ट्रॅक्टर बाळगणाऱ्याला हे सांगायला नको : डिझेलचा फिल्टर बदलला की ‘एअर घेतली’ हा पहिला संशय. हातपंप मारून, स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. मात्र हल्लीच्या कॉमन रेल जीपमध्ये इंजेक्टरकडे जाणारी जाड पोलादी नळी सैल करू नका. त्यात दाब हजार बारच्याही वर जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. तिथे फिल्टरजवळच्या हातपंपापर्यंतच आपला अधिकार.

ओतूरला पोहोचल्यावर

मढ, डिंगोरे मागे टाकत ओतूरला आलो तेव्हा शेतात कांद्याच्या रोपांना पाणी चालू होते. मांडवीकाठच्या कपर्दिकेश्वराला लांबूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी दाजींनी गॅरेजवाल्याला फोन केला. भांडण नाही, नुसती हकीकत : तिसऱ्या प्लगची टोपी बसली नव्हती, चढावर झटके आले, दाबल्यावर गेले. तो म्हणाला, “बरे झाले सांगितलेत. नवा पोरगा आहे हाताखाली. आता टोप्या मी स्वतः दाबून बघत जाईन.” एवढ्याने त्याचे काम सुधारले आणि आपले नाते राहिले. शिव्या दिल्या असत्या तर यातले एकही झाले नसते.

म्हणून तुम्हाला सांगणे इतकेच. सर्व्हिसिंगची गाडी घेताना घाई करू नका. जुने सुटे भाग मागून घ्या. बिल वाचा. गॅरेजच्या दारातच इंजिन पाच मिनिटे उभ्याने चालू ठेवा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एखाद्या चढावर गाडी नेऊन आणा. लांबचा प्रवास, घाट, पेशंट किंवा लेकुरवाळी घेऊन जायचे असेल तर सर्व्हिसिंग चार दिवस आधी उरका, आदल्या दिवशी नको. जी बारीक उणीव राहिली असेल ती गावातल्या गावात कळू द्या. बैल नवा असला तर आपण त्याला आधी घरच्या वावरात जुंपतो आणि मगच बाजाराच्या वाटेला लावतो. गाडीचेही तसेच करावे.